‘मराठी’चे तुकडे करणारी गाळणी

पायथन या संगणकभाषेत मजकुरातून शब्द सुटे करायची एक ठरलेली खूण आहे: बॅकस्लॅश आणि त्यापुढे डब्ल्यू. शिवीगाळ पकडणाऱ्या गाळण्या, शोधाची साधने, शब्दमोजणी असे बरेच काही या खुणेच्या भरवशावर चालते. तिच्यापुढे ‘मराठी’ हा शब्द ठेवला की दोन तुकडे हाती येतात: ‘मर’ आणि ‘ठ’. ही खूण फक्त अक्षरे आणि अंक ओळखते. काना, वेलांटी, उकार यांना युनिकोडने (जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाणाने) अक्षरांत न धरता जोडचिन्हांच्या वर्गात टाकले आहे, त्यामुळे जिथे मात्रा येते तिथे शब्द तुटतो. एखाद्या ऑनलाइन समूहात भांडणे वाढली आणि सदस्य एकमेकांना ‘मर’ म्हणू लागले म्हणून चालकाने तो शब्द बंदीच्या यादीत टाकला, तर त्या दिवसापासून ‘मराठी’ असे लिहिलेला प्रत्येक प्रतिसाद अडकून पडेल. संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत तर हीच खूण रोमन अक्षरांपलीकडे काही जाणतच नाही. तिला ‘मराठी’त एकही शब्द दिसत नाही.

दुरुस्ती अवघड नाही. खुणेत जोडचिन्हांचा वर्ग घातला की काम भागते. पण ती करायला हवी हे कोणाच्या लक्षात येणार? ज्याने आपले साधन खऱ्या मराठी मजकुरावर चालवून पाहिले, त्याच्याच.

ऑनलाइन समूह कशाने टिकतात, नवा माणूस कशाने परत येतो, भांडण कुठे विझते आणि कुठे पेटते, यावर गेली तीस वर्षे उत्तम संशोधन झाले आहे. त्यातले बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्या समूहांवर झाले. मराठीतले एखादे बोलते ठिकाण ओस पडले की आपण दोष माणसांना देतो. लोक वाचत नाहीत, तरुणांना मराठीत लिहायचे नाही, चार टाळकी सारखी भांडतात. साधनांकडे कोणी पाहत नाही. माझे म्हणणे असे की ही साधने मराठीवर तपासणे हे सार्वजनिक काम आहे. ते विद्यापीठांनी, सार्वजनिक पैशाने आणि अनेक समूहांना एकत्र बांधून करायला हवे. एकट्या समूहाला ते झेपणारे नाही, आणि ते का झेपत नाही याचा हिशोब पुढे मांडला आहे.

आधी या संशोधनाची ताकद पाहू. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा ग्रुपलेन्स गट 1997 पासून ‘मूव्हीलेन्स’ ही चित्रपटांना गुण देण्याची सेवा चालवतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या एका प्रयोगात काही सदस्यांना एवढेच कळवले गेले की मधल्या फळीतल्या सदस्याने किती चित्रपटांना गुण दिले आहेत. जे या आकड्याच्या मागे होते, त्यांनी महिन्याला दिलेले गुण 530 टक्क्यांनी वाढले. जे पुढे होते, त्यांचे 62 टक्क्यांनी घटले. ‘या महिन्याचे आघाडीचे लेखक’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येक चालकाने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. आपण पुरेसे केले असे सर्वांत कष्टाळू सदस्याला वाटले की त्याचा हात सैल पडतो. तेव्हा हा आकडा मागे असलेल्यांनाच कळवावा. पुढे असलेल्यांना, तुमच्या नोंदींचा कोणाला काय उपयोग झाला, ते सांगावे.

दुसरे उदाहरण विकिपीडियाचे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या 2007 मध्ये शिखरावर गेली आणि मग घसरत राहिली. आरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्याची कारणे मांडली. खोडसाळ बदल पटकन उलटवता यावेत म्हणून अर्धस्वयंचलित साधने आली होती. त्यांनी खोडसाळपणा आवरला, पण त्याच झपाट्यात सद्हेतूने आलेल्या नवख्यांचे लेखनही उलटवले जाऊ लागले. सुक्याबरोबर ओलेही जळाले. पहिलेच लेखन कोणी न बोलता पुसले, तर माणूस पुन्हा फिरकत नाही. म्हणून 2015 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने ‘ओरेस’ ही यंत्रणा आणली तेव्हा तिला दोन वेगळे प्रश्न शिकवण्यात आले: या बदलाने लेखाचे नुकसान झाले का, आणि बदल करणाऱ्याचा हेतू चांगला होता का. नुकसान झाले पण हेतू चांगला, असे उत्तर आले तर उलटवण्याआधी चार शब्द समजुतीचे लिहायचे. एका प्रश्नाचे दोन केले, एवढाच फरक. पण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्राला शिकवायचे तर त्या भाषेतल्या माणसांनी काही हजार बदल एकेक करून वाचून त्यांवर शेरा मारावा लागतो. ज्या विकिपीडियांवर एवढे हात जमले नाहीत, त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला केवळ ‘हा बदल उलटवला जाईल का’ एवढे सांगणारे ढोबळ प्रारूप, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेले यंत्र, आले.

तिसरे उदाहरण सर्वांत स्वस्त आहे. नेथन मटायस यांनी रेडिट या चर्चास्थळाच्या विज्ञानविषयक विभागात 2,190 चर्चांवर प्रयोग केला. काही चर्चांच्या माथ्यावर नियमांची छोटी सूचना चिकटवली, काहींवर नाही. कुठल्या चर्चेवर लावायची हे नाणे उडवल्यासारखे ठरत होते. सूचना असलेल्या चर्चांत नवख्यांनी नियम पाळण्याचे प्रमाण शंभरात 8 हून अधिक अंकांनी वाढले, आणि बोलणाऱ्या नवख्यांची संख्या सरासरी 70 टक्क्यांनी वाढली. नियम वाचून लोक बुजतील ही भीती खोटी ठरली. इथे काय चालते, काय नाही, हे आधीच कळले की उलट धीर येतो.

यातले किती निष्कर्ष मराठीत जसेच्या तसे लागू पडतील? काही पडतील. पण निष्कर्ष आणि माणूस यांच्यामध्ये लिपी असते, व्याकरण असते, बोली असते, आणि खरे घोडे तिथेच पेंड खाते.

लिपीपासून सुरू करू. रेडिटवरील सुमारे 3.2 कोटी नोंदी तपासून शगुन झावर आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले की नोंद का काढली ते सांगितले, तर त्या माणसाची पुढची नोंद काढावी लागण्याची शक्यता कमी होते. म्हणजे कारण लिहायला जागा हवी. विकिपीडियावर बदलाचे कारण लिहायची जागा 2018 पर्यंत 255 बाइटांची होती; बाइट हे संगणकातली साठवण मोजायचे माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. इंग्रजी संपादकाकडे 255 अक्षरे होती तेव्हा मराठी संपादकाकडे 85 चिन्हे होती, तीही काना, मात्रा, हलन्त सुटे मोजून. ‘महाराष्ट्र’ या एकाच शब्दाला त्यातली दहा जातात. समजावून सांगण्याच्या कामात मराठी माणसाला तिप्पट कंजुषी करावी लागत होती, आणि हे कोणी मुद्दाम केले नव्हते. पुढे मर्यादा बाइटांऐवजी चिन्हांत मोजायला लागले आणि ती 500 झाली. अशा बाइटांतल्या मर्यादा जुन्या संगणकप्रणालींत अजून जागोजागी आहेत: सदस्यनामाला, शीर्षकाला, फाइलच्या नावाला. दुव्यांचेही तेच. पत्त्यात ‘महाराष्ट्र’ आला की कॉपी करताना त्याची 90 रोमन चिन्हे होतात, टक्क्यांच्या खुणांनी भरलेली. आपल्या लेखाचा असा दुवा पाठवला की समोरच्याला तो फसवणुकीचा वाटतो. त्यावर उपाय म्हणून पत्त्यात आकडा ठेवावा आणि शीर्षक वेगळे दाखवावे.

आता ‘पोहऱ्यात’ हा शब्द घ्या, आडात नाही ते ज्यात येत नाही तो पोहरा. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ‘ऱ’ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह: पोहऱ्यात, पोहर्‍यात. डोळ्यांना फरक कळत नाही, पण साधी तुलना करणाऱ्या यंत्राला हे दोन वेगळे शब्द आहेत. तसेच ‘ॲप’मधला ‘ॲ’. त्याला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र जागा मिळाली, पण ‘अ’वर चंद्र देऊन लिहिण्याची जुनी रीतही चालूच आहे. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करायची ठरलेली रीत, चालवले तर ‘ऱ’ आणि ‘र’खाली नुक्ता यांचा मेळ बसतो. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा बसत नाही, आणि ‘ॲ’चाही नाही. या दोन जोड्यांसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. तो नसेल तर समूहाच्या जुन्या चर्चांत शोध घेणाऱ्याला निम्मे सापडते, तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो, जुनी मंडळी वैतागतात आणि नवख्याला टोचून बोलतात. भांडणाचे मूळ कळफलकाच्या मांडणीत असते, आणि चालक सभ्यतेच्या सूचना लिहीत बसतो.

व्याकरणाची अडचण याहून मोठी. बंदीच्या शब्दांची यादी ही गाळणीची सर्वांत जुनी तऱ्हा. इंग्रजीत शब्दाची दोनचार रूपे धरली की भागते. मराठीत ‘गाढव’ यादीत टाकला तर ‘गाढवाला’, ‘गाढवांनो’, ‘गाढवपणा’, ‘गाढवासारखा’ हे सगळे सुटतात, कारण प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते. बरे, ‘गाढव’ने सुरू होणारे सगळेच पकडा म्हटले, तर गाढवे आडनावाचे सदस्य अडकतात. डुकरे, लांडगे, कोल्हे ही आडनावे महाराष्ट्रात घरोघरी आहेत. आपले स्वतःचे आडनाव टंकल्यावर ‘हा शब्द वापरता येणार नाही’ असे उत्तर ज्याला मिळते, तो माणूस त्या जागी थांबेल कशाला? यावर पूर्ण इलाज नाही, पण बऱ्यापैकी इलाज आहे. प्रत्यय सोडवणारे साधन आधी चालवायचे, आडनावांची वेगळी यादी सोबत ठेवायची, आणि यादीत सापडलेली नोंद परस्पर रोखण्याऐवजी माणसापुढे ठेवायची. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी हे सारे पुन्हा करावे लागते, कारण तिथे ‘आहे’सारखा रोजचा शब्दही कोणी एका ‘ए’ने सुरू करतो, कोणी दोन.

हिंदीवर शिकवलेले प्रारूप मराठीला चालवून घ्यावे, लिपी एकच आहे, असा सल्ला नेहमी ऐकू येतो. ‘त्याला शिक्षा मिळालीच पाहिजे’ हे वाक्य पाहा. हिंदीच्या कानाने ऐकले तर कोणाच्या तरी शिक्षणाची काळजी वाहिली आहे. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न असतो आणि आपल्याकडे थट्टा. गुगलच्या जिगसॉ गटाने 2017 मध्ये टिप्पण्यांचा विखार मोजणारी ‘पर्स्पेक्टिव्ह’ ही सेवा खुली केली. तिच्यात पुढे हिंदी आली, रोमन लिपीतली हिंदी-इंग्रजी सरमिसळही आली. मराठी आली नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारे दावे एकमेकांशी जुळवून पाहण्याच्या 2021 मधल्या एका महत्त्वाच्या संशोधनात इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम आणि तमिळ होत्या. त्यातही मराठी नव्हती.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मुळीच नाही. 2021 मध्ये मराठी ट्वीटांचा, आक्षेपार्ह की नाही अशा शेऱ्यांसह, 2,499 नोंदींचा पहिला संच आला. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने 2022 मध्ये 25 हजारांहून अधिक ट्वीटांचा संच खुला केला, त्यात द्वेष, आक्षेपार्ह, अश्लील आणि यांपैकी काही नाही असे चार वर्ग आहेत. विद्यार्थ्यांच्या कष्टावर उभे राहिलेले हे काम मोलाचे आहे. पण ट्वीट म्हणजे समूह नाही. ट्वीट अनोळखी माणसांपुढे टाकलेले असते. समूहात माणसे एकमेकांना ओळखतात, आणि ओळखीने शब्दाचा अर्थ बदलतो. कोकणात ‘काय रे मेल्या, होतास कुठे इतके दिवस?’ असे विचारणारा माणूस मरणाची इच्छा करत नसतो, माया करत असतो. नागपुरात ‘काय बे’ ही मित्राला घातलेली साद असते आणि पुण्यात त्याच दोन शब्दांवरून तोंड फिरवले जाते. एकाच शहरातल्या एकाच महाविद्यालयातल्या मुलांनी शेरे मारले, तर यंत्र त्या शहराची सभ्यता शिकते आणि बाकीच्या महाराष्ट्राला असभ्य ठरवते. गोव्यातल्या मराठीचा तर विचारच झालेला नसतो.

हल्लीची मोठी भाषाप्रारूपे हे सगळे सोडवतील, असे आता म्हटले जाते. ती मराठी पूर्वीच्या साधनांपेक्षा पुष्कळ चांगली समजतात, हे मान्य. पण किती चांगली, हे मोजायलाही मराठी समूहांतल्या, माणसांनी तपासलेल्या नोंदी लागतातच. आणि मोजल्याशिवाय वापरले तर काय होते, त्याचे गणित करून पाहू. समजा, 1,000 प्रतिसादांत 20 खरोखर वाईट आहेत. यंत्र वाईटांपैकी 90 टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी 95 टक्के बिनबोभाट सोडते. ऐकायला झकास वाटते. ते 18 वाईट पकडेल, आणि 980 चांगल्यांपैकी 49 नाहक पकडेल. पकडलेल्या 67 पैकी 49 निरपराध. हे यंत्र परस्पर नोंदी काढू लागले, तर समूह महिन्याभरात चिडतो. तेच यंत्र माणसाला ‘हे 67 बघ’ म्हणून सांगणार असेल, तर 1,000 ऐवजी 67 वाचून काम होते आणि ते वरदान ठरते. यंत्र तेच राहते, त्याला कुठे बसवले यावर सगळे ठरते. मराठीत हे 90 आणि 95 नेमके किती आहेत, हे प्रत्येक समूहाला आपल्या मजकुरावर कळायला हवे.

आता एकट्या समूहाला हे का झेपत नाही, तो हिशोब. समजा, एखाद्या मराठी समूहात महिन्याला 40 नवे सदस्य येतात आणि 100 पैकी 10 जण चौथ्या आठवड्यातही काही लिहितात. माथ्यावर नियम लावले तर ते 10 चे 15 होतील असा अंदाज आहे आणि तो तपासायचा आहे. संख्याशास्त्राचे नेहमीचे निकष लावले, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची जोखीम 5 टक्के आणि असलेला फरक सापडण्याची खात्री 80 टक्के, तर प्रत्येक बाजूला सुमारे 680 सदस्य लागतात. दोन्ही मिळून 1,360. महिन्याला 40 या गतीने 34 महिने. तोवर चालक बदलतो, संगणकप्रणाली बदलते, एखादी निवडणूक होऊन सगळ्यांचे मूडही बदलतात. 10 चे थेट 20 होतील असा मोठा फरक शोधायचा तर प्रत्येक बाजूला 200 पुरतात आणि दहा महिन्यांत उत्तर मिळते. पण एवढे मोठे फरक क्वचितच असतात. तेच आठ समूह एकत्र आले, तर 1,360 सदस्य सव्वाचार महिन्यांत होतात. इंग्रजीतल्या एका मोठ्या विभागाला जे आठवड्यात कळते, ते आपल्याला हातात हात घातल्याशिवाय कळणारच नाही. समन्वयाचे हे काम कोणा हौशी चालकाने रात्री जागून करावे, ही अपेक्षा चुकीची आहे.

असे प्रयोग कुठे फसतात, तेही माहीत आहे. ‘टिकला’ म्हणजे काय, हे सुरू करण्याआधी लिहून ठेवले नाही, तर नंतर सोयीची व्याख्या निवडली जाते. दर आठवड्याला निकालात डोकावून फरक दिसताच थांबणाऱ्याला नसलेला फरक हमखास सापडतो. सदस्यांना दोन गटांत वाटले पण दोन्ही गट एकाच चर्चेत बोलतात, तर एकाला दिलेली सूचना दुसऱ्यापर्यंत पोचते. म्हणून मटायस यांनी माणसे न वाटता चर्चा वाटल्या. आठ समूह एकत्र घेताना वाटणी प्रत्येक समूहाच्या आत वेगळी करावी लागते, नाहीतर एका गटात सगळे पाककृतीवाले आणि दुसऱ्यात सगळे राजकारणवाले येतात. जाहिरातबाजीसाठी उघडलेली खाती आधी वगळावी लागतात. आणि नुसते वाचणाऱ्याला ‘गेला’ असे धरू नये. मराठीत न लिहिता वर्षानुवर्षे वाचणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याचसाठी ती जागा असते.

परवानगीचा प्रश्न याहून नाजूक आहे. फेसबुकने 2012 मध्ये 6,89,003 सदस्यांच्या पुढ्यातला मजकूर त्यांना न सांगता बदलून त्यांच्या मनःस्थितीवर काय परिणाम होतो ते पाहिले. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर जगभर संताप उसळला. 2025 मध्ये झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी रेडिटच्या एका वादविभागात माणसांच्या नावाखाली यंत्राने लिहिलेले प्रतिसाद सोडल्याचे उघड झाले. चालकांना नंतर कळवण्यात आले, आणि अखेर ते संशोधन प्रसिद्ध न करण्याचे ठरले. लहान समूहात असे एकदा घडले तर तो समूह संशोधकांना पुन्हा दार उघडणार नाही. मराठीत दारे मोजकीच आहेत. म्हणून क्रम असा असावा: प्रश्न समूहाने सुचवायचा, योजना त्यांच्या चर्चेत उघडपणे मांडायची, नको असलेल्याला बाहेर राहता यायला हवे, आणि निकाल आधी त्या समूहाला मराठीत सांगायचा. त्यानंतरच शोधनिबंध.

लोक तर व्हॉट्सॲपवर गेले, मग खुल्या समूहांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. गेले, हे खरे. एका ग्रुपात 1,024 जण मावतात. पण तिथली चर्चा नव्याने आलेल्याला सहसा दिसत नाही, बाहेरच्याला सापडत नाही, आणि फोन बदलला की अनेकदा विरून जाते. बंद जागेत साधनांचा परिणाम बाहेरून मोजताही येत नाही, आणि त्याची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. देशभर अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. 2019 मध्ये ब्राझील, भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक ग्रुपांवरून अभ्यास झाला. त्यात दिसले की अशी मर्यादा पसरण्याला उशीर करते, पण फार वेगाने पसरणारा मजकूर पूर्ण थोपवू शकत नाही. एप्रिल 2020 मध्ये वारंवार पुढे आलेल्या संदेशांसाठी मर्यादा एकावर आली, आणि असे संदेश 70 टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मराठी ग्रुपांत किती घटले? उशीर होणे पुरेसे असते का, म्हणजे पोलीस पाटील गावात पोचेपर्यंत अफवा थांबते का? हे मोजायला लागणारी माहिती कंपनीबाहेर कोणाकडेच नाही.

इथे कायद्याचा संबंध येतो. भारताच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य असलेल्या समाजमाध्यमांना तक्रारींचा आणि कारवाईचा मासिक अहवाल द्यावा लागतो. त्यात भाषेचा रकाना बंधनकारक नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यात आहे. मोठ्या कंपन्यांना मजकूर तपासणारी माणसे किती, हे संघाच्या प्रत्येक अधिकृत भाषेप्रमाणे सांगावे लागते, त्यात माल्टीजसुद्धा येते. माल्टाची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर आहे. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8.3 कोटी होते, आणि त्यांच्या तक्रारी वाचायला किती मराठी जाणणारी माणसे आहेत हे विचारायची सोय आपल्या नियमांत नाही. त्याच युरोपीय कायद्याच्या 40 व्या कलमाने पारखलेल्या संशोधकांना कंपन्यांकडून माहिती मागता येते. याची गरज वाढलीच आहे, कारण उघडी दारे बंद होत आहेत: ट्विटरची संशोधकांसाठीची मोफत सोय 2023 मध्ये गेली, फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर पाहायचे ‘क्राउडटँगल’ 14 ऑगस्ट 2024 ला बंद झाले. आपल्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सवलत ठेवलेली आहे, पण माहिती द्यायला कंपनीला भाग पाडणारी तरतूद नाही. महाराष्ट्रातल्या खासदारांनी या दोन मागण्या धरून लावाव्यात. अहवालात भाषेचा रकाना हवा, आणि संशोधकांना माहिती मागण्याचा हक्क हवा. पहिलीला तर नियमांत एक ओळ पुरते.

बाकीचे काम दिल्लीवर अडलेले नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, अभियांत्रिकी महाविद्यालयांत भाषातंत्रज्ञानात रस असलेली मुले आहेत. जुन्या ग्रंथांच्या संशोधनाला पैसा मिळावा, त्याबद्दल वाद नाही. त्याच पैशातला लहानसा वाटा आजच्या बोलत्या मराठीसाठी मागायचा आहे. किती लहान, तेही मोजू. समूहांनी स्वेच्छेने दिलेल्या, नावगाव काढलेल्या 25,000 नोंदी घ्या. प्रत्येक नोंद तिघांनी वाचायची, एका वाचनाला 20 सेकंद. सुमारे 417 तास होतात. बारा जणांनी रोज दोन तास दिले तर अठरा दिवसांत संपते. दोन तासांच्या पुढे नेऊ नये. शिवीगाळ सलग वाचण्याने माणूस शिणतो, आणि शेरेही मग यांत्रिक होतात. सुरुवातीला 300 नोंदी सगळ्या बारांना द्याव्यात, कुठे एकमत होत नाही ते पाहून सूचना सुधाराव्यात, मग उरलेले वाटावे.

हे बारा जण एका शहरातले नसावेत. दोघे कोकणातले, दोघे विदर्भातले, मराठवाडा, खानदेश, कोल्हापूर-सांगली, पुणे-मुंबई आणि गोवा येथले बाकीचे, आणि त्यांत बायका निम्म्या. प्रत्येक शेऱ्यासोबत वाचणाऱ्याचा भाग नोंदवावा. तिघांचे जमले नाही म्हणून बहुमताने निकाल लावून मतभेद पुसायची रीत आहे, ती इथे पाळू नये. मतभेदाच्या नोंदी वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात. ‘मेल्या’ आणि ‘बे’ त्याच फाइलीत सापडतील.